झिजलेला आकडा



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत एका माउलीचे पत्र आहे. अक्षर मुलाचे असावे, पण बोलणे तिचे आहे. ती लिहिते, "आमचा दीड एकर ऊस तारेच्या ठिणगीने जळाला. अर्ज केला, हेलपाटे घातले, दोन वेळा तालुक्याला मुक्काम पडला. आता घरचे म्हणतात, नाद सोडा. वीजवाल्यांशी भांडून कधी कोणाला काही मिळाले आहे काय? साहेब, तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा."

मिळाले आहे. एका अख्ख्या गावाला मिळाले आहे, आणि तेही अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या वीज कंपन्यांपैकी एका कंपनीकडून. ती हकीकत आज सांगतो. गाव दूरचे आहे, पण लोखंड, वारा आणि वाळलेले गवत सगळीकडे सारखेच वागते.

कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात ब्यूट नावाचा परगणा आहे. खाली सपाटीला भातशेती, बदाम आणि अक्रोडाच्या बागा, आणि पूर्वेला सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याची डोंगररांग. या डोंगराच्या सोंडेवर पॅराडाइज नावाचे गाव वसलेले आहे. पॅराडाइज म्हणजे स्वर्ग. वस्ती सव्वीस हजारांच्या आसपास, आपल्याकडील एखाद्या लहान नगरपालिकेएवढी. जागा स्वस्त, हवा चांगली, म्हणून नोकरीतून निवृत्त झालेली पुष्कळ म्हातारी माणसे तेथे येऊन राहिली होती. भोवती देवदाराच्या जातीची उंच झाडे आणि खाली उतरायला मोजके रस्ते.

८ नोव्हेंबर २०१८ चा दिवस. त्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो. त्या वर्षी तो लांबला होता आणि डोंगरावरचे गवत, झुडपे वाळून कोळ झाली होती. पहाटेपासून ईशान्येकडून जोराचा वारा सुटला होता. सकाळी साडेसहाच्या सुमारास गावापासून काही मैलांवर, फेदर नदीच्या दरीत, उच्च दाबाच्या वीजवाहिनीच्या एका मनोऱ्याखाली आग दिसली. रस्ता अरुंद, बंब पोहोचणे अवघड. आठ वाजेपर्यंत निखारे गावात येऊन पडू लागले. माणसे मोटारींतून निघाली ती त्याच मोजक्या रस्त्यांवर अडकली. ८५ माणसे गेली. अठरा हजार आठशेंवर इमारती जळाल्या. दीड लाख एकरांवर रान भस्म झाले. आग पुरती आटोक्यात यायला १७ दिवस लागले, पण स्वर्ग नावाचे गाव पहिल्याच दिवशी संपले होते.

आता त्या मनोऱ्याकडे येऊ.

ही वाहिनी सुमारे १९२१ च्या काळातली. ज्या कंपनीने ती बांधली ती पुढे १९३० साली पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या मोठ्या कंपनीत गेली, आणि तिच्याबरोबर हे मनोरेही गेले. मनोऱ्याच्या आडव्या हातावर एक लोखंडी पट्टी, पट्टीला भोक, भोकात इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा मुठीएवढा आकडा, आकड्याला चिनी मातीच्या चकत्यांची माळ आणि माळेला तार. एवढीच रचना. आपल्या माजघरातला झोपाळा आठवा. कडी आणि आढ्याचा आकडा यांचे एकमेकांवर घासणे चालूच असते. दहा वर्षांनी कडी खाली उतरवून पाहिली तर एका बाजूने चाटून गेलेली दिसते. झोपाळ्यावर आपण सांजसकाळी बसतो. तो आकडा मात्र वाऱ्याबरोबर रात्रंदिवस, जवळजवळ शंभर वर्षे झुलत होता. घासून घासून तो इतका बारीक झाला की त्या पहाटेच्या वाऱ्यात तुटला. सुटलेली तार मनोऱ्याच्या पोलादाला लागली, ठिणगीचा लोळ उठला, आणि वितळलेल्या धातूचे थेंब खालच्या वाळल्या झुडपांवर पडले. हा आकडा १९१९ मध्ये छप्पन्न सेंटला, म्हणजे अर्ध्या डॉलरहून थोड्या अधिक किमतीला घेतलेला होता. २००१ पासून त्या मनोऱ्यावर कोणी चढून बारकाईने पाहिले होते, अशी नोंद चौकशीत सापडली नाही. खालून दुर्बिणीने किंवा हेलिकॉप्टरमधून पाहणी होत असे. पण झिजलेली बाजू खालून कशी दिसावी?

इतपत गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, कंपनीचा दोष उघड आहे, गावाला पैसे मिळणारच. इतके सोपे नव्हते. रानात आग लागण्याची कारणे पुष्कळ असतात. कोणी शेकोटी केली, कोणी विडी टाकली, वीज पडली. कंपनीला यातले कोणतेही कारण पुढे करता आले असते. ते करता आले नाही, याचे कारण तपास करणाऱ्यांनी पहिल्या दिवसांतच त्या मनोऱ्याला खुनाच्या जागेसारखे मानले. मनोऱ्यावर माणसे चढवून तुटलेल्या आकड्याचे भाग, माळ, पट्टी, तार असे सारे उतरवले, ताब्यात घेतले आणि देशाच्या मध्यवर्ती तपास खात्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. तुलनेसाठी दुसरे झिजलेले भागही काढून नेले. त्या सकाळी वाहिनीवर बिघाड कोणत्या मिनिटाला नोंदला गेला, याची कंपनीचीच नोंद होती. सव्वासहाला बिघाड, आणि पुढच्या दहापंधरा मिनिटांत त्याच मनोऱ्याखाली धूर. १५ मे २०१९ रोजी राज्याच्या अग्निशमन खात्याने जाहीर केले की आगीचे कारण कंपनीची वीजवाहिनी हेच होय.

यानंतर जेमतेम महिन्याभरात, १८ जून २०१९ रोजी, समझोता जाहीर झाला. हा महिना ध्यानात ठेवा.

मधल्या काळात कंपनीने २९ जानेवारी २०१९ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला होता. आदल्या वर्षीच्या आगी आणि ही आग मिळून दाव्यांचा आकडा तिच्या आवाक्याबाहेर गेला होता. दिवाळखोरीचा अर्ज झाला की सगळे दावे जागच्या जागी थांबतात आणि सर्व देणेकरी एका दारात रांगेत उभे राहतात. आपल्याकडे बुडालेल्या पतपेढीसमोर ठेवीदार उभे राहतात तसे. या रांगेत पॅराडाइजची नगरपालिका एकटी उभी राहिली नाही. तिच्याबरोबर ब्यूट परगणा, पॅराडाइजची क्रीडांगणे व उद्याने सांभाळणारी संस्था आणि आदल्या आगींत होरपळलेली इतर नगरे, परगणे अशा एकूण १४ स्थानिक संस्था एकत्र आल्या, आणि सगळ्यांसाठी एकत्र बोलणी झाली. एकूण रक्कम ठरली १०० कोटी डॉलर. त्यात पॅराडाइज गावाचे २७ कोटी, ब्यूट परगण्याचे २५ कोटी २० लाख, उद्यान संस्थेचे पावणेपाच कोटी. राहिलेल्यातून सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील संस्थांना ४१ कोटी ५० लाख आणि थोडे इतरांना.

नगरपालिकेने कशाचे पैसे मागितले, हा प्रश्न मला स्वतःला पडला होता. घरे तर लोकांची जळाली. पण विचार करा. गाव जळाले की घरपट्टी कोण देणार? दुकानांचा कर कोठून येणार? रस्त्यांवरून महिनोन्‌महिने ढिगारा वाहणारी अवजड वाहने जाऊन रस्ते फुटले, ते कोण बांधणार? नळाच्या पाण्यात आगीनंतर बेंझीन नावाचे विषारी द्रव्य सापडले. जळालेल्या घरांकडून नळयोजनेत ते शिरले होते. दुरुस्ती होईपर्यंत कित्येक महिने ते पाणी पिता येईना. आणि उत्पन्न शून्य झाले तरी पोलीस, दिवे, कचेरी चालवावीच लागते. २०१० च्या शिरगणतीत सव्वीस हजार असलेली वस्ती २०२० च्या शिरगणतीत ४,७६४ वर आली होती. अशा गावाने दहा वर्षे खटला लढवायचा म्हटला असता तर निकाल ऐकायला गावच उरले नसते. म्हणून कोर्टात शेवटपर्यंत जाण्याऐवजी त्यांनी समझोता केला. मला तो शहाणपणाचा वाटतो. घाई कंपनीलाही होती. दिवाळखोरीतून लवकर बाहेर पडणे तिला हवे होते. दोन्ही बाजूंना घाई असली की सौदा लवकर तुटतो, हे बैलबाजारात बसणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण यात गफलत होते. हे २७ कोटी डॉलर नगरपालिकेच्या तिजोरीचे. ज्यांची घरे गेली, माणसे गेली, त्यांचा समझोता वेगळा झाला, आणि तो काही इतका चांगला झाला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांच्यासाठी १३५० कोटी डॉलरची रक्कम ठरली खरी. पण त्यातली निम्मी रोख आणि निम्मी कंपनीच्याच शेअरमध्ये. म्हणजे साखर कारखान्याने उसाचे निम्मे बिल द्यावे आणि बाकीच्या निम्म्यापोटी भागाचे दाखले हाती ठेवावेत, तसे. शेअर वाढले तर ठीक, पडले तर नशीब. ज्या कंपनीच्या तारेने घर जाळले, तिचीच भरभराट व्हावी म्हणून त्या बिचाऱ्यांनी देव पाण्यात ठेवावे, अशी ही वेळ. पैसे यायला वर्षानुवर्षे लागली आणि ज्याचा जितका हक्क मंजूर झाला त्याच्या सुमारे ७० टक्क्यांच्या आसपासच हाती पडले. रोख काय आणि कागद काय, हे सही करण्याआधी विचारावे ते याकरता.

फौजदारी बाजूही झाली. १६ जून २०२० रोजी ब्यूट परगण्याच्या न्यायालयात कंपनीने ८४ माणसांच्या सदोष मृत्यूचा गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी एकेक नाव वाचले, पडद्यावर त्या माणसाचा फोटो आला, आणि कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याने प्रत्येक वेळी उभ्या जागी "गुन्हा कबूल" म्हटले. चौऱ्याऐंशी वेळा. दंड मात्र कायद्यात होता तेवढाच, पस्तीस लाख डॉलरच्या आसपास. कंपनी म्हणजे काही माणूस नव्हे, तिला तुरुंगात कोण घालणार? पण त्या कबुलीबरोबर एक कलम होते ते मला महत्त्वाचे वाटते. त्या डोंगरातून कंपनीचा मायोसीन नावाचा जुना पाट जातो. तो आगीत मोडला होता आणि त्यावरची कुटुंबे आणि गुरेढोरे पाण्यावाचून अडली होती. त्या लोकांना पाणी पुरवण्यासाठी दीड कोटी डॉलरपर्यंत खर्च करण्याचे कंपनीने मान्य केले. सरकारी वकिलाने फौजदारी खटल्यात पाटाचे पाणी आठवणीने घातले, हे कौतुकाचेच.

आता त्या माउलीच्या पत्राकडे वळतो. तेथला कायदा असा आहे की वीज कंपनीच्या साहित्यामुळे नुकसान झाले एवढे सिद्ध झाले तर कंपनीचा हलगर्जीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. आपल्याकडेही याच विचाराचा निर्णय आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेश वीज मंडळाचे प्रकरण आले होते. रस्त्यावर तुटून पडलेल्या जिवंत तारेने सायकलवरून घरी जाणारा माणूस दगावला. मंडळाचे म्हणणे, दुसऱ्याच कोणी चोरून वीज घेण्यासाठी तार टाकली होती, आमचा काय दोष? आपल्याकडे वीज आणि आकडा हे दोन शब्द एकत्र आले की जो आकडा आठवतो, तोच तो. न्यायालयाने ते मानले नाही. इतकी धोकादायक वस्तू जो वाहून नेतो, त्याने ती निसटली तर भरून दिले पाहिजे. काळजी घेतली होती असे म्हणून सुटका नाही, असे न्यायालयाने ठरवले. तो खटला मृत्यूचा होता, उसाचा नव्हता, हे मी लपवीत नाही. परंतु तत्त्व तेच आहे.

तेव्हा कायदा पुष्कळसा आपल्या बाजूचा आहे. मग अडते कोठे? दोष सिद्ध करावा लागत नसला तरी कारण सिद्ध करावेच लागते, आणि आपले घोडे तेथेच पेंड खाते. कसे, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

नोकरीतली माझी पहिली काही वर्षे. जानेवारी महिना, आडसाली उसाचा फड, तोड पुढच्या आठवड्यावर आलेली. दुपारी वारा सुटला. शेतावरून गेलेल्या तारांना इतका झोळ होता की उसाचे वाढे जवळपास टेकत होते. दोन तारा एकमेकींना लागल्या, ठिणग्या पडल्या आणि पाचटाने पेट घेतला. मी दुसऱ्या शिवारात होतो. धूर पाहून मोटारसायकल वळवली. पोहोचलो तेव्हा दोन एकर काळे झाले होते. फडाचे मालक, सगळे त्यांना आण्णा म्हणत, बांधावर डोक्याला हात लावून बसलेले. मी जवळ जाऊन बसलो, पण बोलणार काय?

दिवस मावळायच्या आत वायरमन आला. भला माणूस. आजूबाजूच्या विहिरींवरचे पंप बंद पडले होते, गव्हाला पाणी चालू होते, चारी बाजूंनी लोक त्याच्यामागे लागले होते. त्याने तारा ओढून ताणल्या, तुटला होता तेथे नवा जोड दिला, मध्ये बांबूची खपली बांधली आणि वीज सुरू केली. आम्ही सगळ्यांनी त्याला चहा पाजला. तिसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणसे आली. त्यांनी वर पाहिले तर तारा सरळ, ताठ, नव्या बांधलेल्या. एकाने विचारले, "आण्णा, फडात कोणी विडी ओढत होते का?" पंचनाम्यात आगीचे कारण "समजून येत नाही" असे लिहिले गेले. खाली बांधालगत वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या गोळ्या पडल्या होत्या, हरभऱ्याएवढ्या, चकचकीत. मी त्या पहिल्याच दिवशी पाहिल्या होत्या. बुटाच्या टोकाने एक उडवलीही होती. उचलून खिशात टाकावी हे बी.एस्सी. झालेल्या माणसाला सुचले नाही. जळीत ऊस म्हणून कारखान्याने कपात केली, तोडीला उशीर झाल्याने वजन घटले ते वेगळेच. भरपाईचा अर्ज दोन वर्षे फिरून कारण सिद्ध होत नाही म्हणून परत आला. आण्णा मला कधी काही बोलले नाहीत. पण वाटेत भेटले की "साहेब, बरं हाय ना?" म्हणत, तेव्हा मला ती गोळी आठवे.

म्हणून आग लागली तर काय करावे ते सांगतो. आधी माणसे आणि गुरे बाजूला. तुटलेल्या तारेला, ती मेली आहे असे कोणी कितीही सांगो, हात लावू नये. काठीही लावू नये. वीज बंद झाल्याची खात्री वायरमनने दिल्यावरच जवळ जावे. आज घराघरात फोनचा कॅमेरा आहे. तार जोडण्याआधी झोळ, तुटलेले टोक, काळा पडलेला खांब, वाढे आणि तार यांतले अंतर, हे सारे चार बाजूंनी टिपावे. एका फोटोत खांबाचा नंबर आणि जळालेला फड दोन्ही एकदम यावेत. वायरमनला अडवू नये, इतरांच्याही विहिरी आहेत. पण दहा मिनिटे थांब म्हणायला हरकत नाही, आणि त्याने काय जोडले, किती वाजता जोडले ते वहीत लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. बदललेला तारेचा तुकडा मागून घ्यावा. वितळलेल्या गोळ्या पंचांसमक्ष उचलून डबीत घालाव्यात. त्याच दिवशी लेखी खबर वीज कचेरीत आणि पोलीस ठाण्यात द्यावी, पोच घ्यावी. तलाठ्याचा पंचनामा झालाच पाहिजे, आणि विद्युत निरीक्षकाकडे वेगळा अर्ज गेला पाहिजे. हा निरीक्षक वीज कंपनीचा नोकर नसून शासनाचा अधिकारी आहे, हे पुष्कळांना माहीतच नसते. भरपाईच्या कामी त्याच्या अहवालाला मोठे वजन असते.

याहून आधीची गोष्ट म्हणजे तारांना झोळ दिसताच, आग लागण्यापूर्वी, लेखी तक्रार करून पोच जपून ठेवणे. आणि तक्रार एकट्याची नको. ज्यांच्या ज्यांच्या शिवारावरून ती वाहिनी जाते त्या सगळ्यांच्या सह्या एका कागदावर असाव्यात. आपली भावकी एका कागदावर सह्या करील की नाही, हा प्रश्न मला कोणी विचारू नये.

पॅराडाइजमध्ये कंपनी आता तारा जमिनीखालून नेत आहे. ज्या वाहिनीवर तो आकडा तुटला ती कायमची बंद करण्यात आली. खर्च अर्थातच वीजबिलांतून वसूल होतो आणि बिले वाढल्याची ओरड तेथेही आहे. गावात हळूहळू घरे उठत आहेत.

राहिले माउलीचे पत्र. बाई, तुमच्या पत्रात आगीची तारीख आहे, क्षेत्र आहे, गट नंबर आहे, कारखान्याने केलेल्या कपातीची पावती आहे असेही लिहिले आहे. खांबाचा नंबर मात्र नाही, आणि तार कोणी, कधी जोडली तेही नाही. जोडणारा वायरमन अजून त्याच भागात असेल तर त्याला घरी बोलावून नीट विचारा. मुलाला उद्या फडावर पाठवा. उसाचा खोडवा धरला असेल तर सऱ्यांत पाणी द्यायच्या आधी खांबाच्या बुडाशी आणि तारेच्या सरळ रेषेत माती हातांनी चाळून पाहायला सांगा. त्या गोळ्या गंजत नाहीत.